शॉट एकशे चव्वेचाळीस

हनुवटी यंत्राच्या वाटीत टेकवून, कपाळ वरच्या पट्टीला लावून, डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या माणसाला काही विचारू नये. उत्तर देता येत नाही आणि उठूनही जाता येत नाही. मिस्टर पेनफोल्ड हे ईलिंगमधले सभ्य गृहस्थ. आठ वर्षं ते माझे डोळे तपासताहेत, आणि आठ वर्षांत त्यांनी हवा आणि अक्षरं या दोन विषयांपलीकडे मला काही विचारलेलं नाही. त्या गुरुवारी मात्र त्यांनी माझ्या उजव्या डोळ्यात दिवा मारला आणि म्हणाले, "मिस हॅस्लम, तुम्ही 'पाचवं बिऱ्हाड'मधल्या मिस हॅस्लम का?"

"हं," मी म्हटलं. हनुवटी वाटीत असताना तेवढंच म्हणता येतं.

"बेरिल हॅस्लम? नावांच्या यादीत शेवटून सहाव्या?"

"हं."

"वर बघा. खाली बघा. म्हणजे तो पडदा कोणी ओढला ते तुम्हाला ठाऊक असणार."

दिवा उजव्या डोळ्यातून डाव्या डोळ्यात गेला. मला वाटलं होतं आता काहीतरी होईल. छातीत धस्स होणं, घाम फुटणं, निदान पापणी लवणं. काही झालं नाही. मिस्टर पेनफोल्ड म्हणाले, "बुबुळ अगदी स्थिर आहे हो तुमचं," आणि तसं त्यांनी कार्डावर लिहून ठेवलं.

'पाचवं बिऱ्हाड' हा सिनेमा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांचं काही अडलेलं नाही. एकोणीसशे एकोणसत्तरच्या नोव्हेंबरात, थेम्सकाठच्या एका ओलसर स्टुडिओत, पाच आठवड्यांत उरकलेला भुताटकीचा सिनेमा. हेलबर्न हाउस नावाचं एक घर असतं. घरांचा एक दलाल पाचव्या भाडेकरूला ते दाखवत हिंडतो आणि खोलीगणिक आधीच्या एकेका भाडेकरूचा शेवट कसा झाला ते सांगतो. म्हणजे चार खोल्या, चार गोष्टी, चार मृत्यू. अशी रचना केली की चार नामांकित नट एकेका आठवड्यासाठी मिळतात आणि त्यांना एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही. घराचा इतका लौकिक असूनही दलालाला दर वेळी नवं बिऱ्हाड मिळतं, यावरून लंडनमध्ये घरांची टंचाई तेव्हाही किती होती ते कळावं. भीती कोणाला वाटली असेल तर ती पैसे घालणाऱ्यांना. सिनेमा दोन आठवडे चालला आणि सगळे विसरले.

माझं काम कंटिन्युइटीचं. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी काढतात. बाई दारातून आत येते ते सोमवारी, आणि तीच बाई खुर्चीत बसते ते गुरुवारी. मधल्या तीन दिवसांत तिच्या हातातली छत्री उजवीकडून डावीकडे जाऊ नये, कपातला चहा वाढू नये, शोकाचा पोशाख काळ्याचा निळा होऊ नये, म्हणून एक बाई कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून सगळं लिहून ठेवते. हे काम बाईच करते. पुरुषांना छत्री दिसत नाही. मी लीड्सला इंग्रजी घेऊन शिकले, त्याचा उपयोग एवढाच झाला की माझ्या नोंदी नीट वाक्यांत असायच्या. तीस वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली. एकच. तिसऱ्या गोष्टीत, शॉट एकशे त्रेचाळीसमध्ये, विधवा चहा ओतते तेव्हा तिच्या मागच्या खिडकीचा पडदा उघडा आहे. शॉट एकशे चव्वेचाळीसमध्ये ती तोच कप ओठाला लावते तेव्हा पडदा बंद आहे. एकशे पंचेचाळीसमध्ये पुन्हा उघडा. मधे कोणी उठलेलं नाही.

"आम्ही हेलबर्न मंडळी आहोत," दिवे लावल्यावर मिस्टर पेनफोल्ड म्हणाले. थेंबांमुळे मला ते धुरकट दिसत होते. "चाळीस सभासद. अकरा वर्षं झाली. दरवर्षी एकदा सिनेमा बघतो, चहा घेतो, ठराव करतो. पडद्यावरून आमच्यात दोन तट आहेत. अर्धे म्हणतात विधवेनंच उठून ओढला, आपल्याला दाखवलं नाही. अर्धे म्हणतात घरानं ओढला. तिचं मरण जवळ आलंय हे घराला कळतं आणि घर आधीच दुखवटा पाळतं. मी स्वतः वास्तूवाल्यांत आहे." डोळ्यांचा डॉक्टर वास्तूवाल्यांत असतो ही माहिती मी उगाचच मनात नोंदवली. "परवा शनिवारी दोन वाजता, चर्चच्या हॉलमध्ये. मिस्टर टर्विल दरवर्षी येतात. पडद्यांच्या खात्याचे. तेच सांगतात ना, की घरानं त्यांना सांगितलं आणि त्यांनी ओढला. तुम्ही फक्त दुजोरा द्यायचा. चष्म्याचा नंबर तोच आहे."

बाहेर आले तर अकरा वाजताच्या उन्हात सगळं पांढरं दिसत होतं. बसचा नंबर वाचता येईना म्हणून चालत निघाले. क्लेम टर्विल जिवंत आहे, हे मी दोनदा स्वतःशी म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटल्यावरही ते पहिल्यांदा म्हटल्यासारखंच वाटलं. मला बहुतेक गोष्टी अशाच वाटतात. सुन्नपणा म्हणतात तो हाच असेल तर त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की गाल जसा आपलाच असतो पण शेजाऱ्याचा वाटतो, तसं आहे ते. फरक एवढाच, की डॉक्टर सांगतो दोन तासांत उतरेल. गॉर्डन नावाच्या एका माणसाबरोबर मी सहा वर्षं राहिले. जाताना तो म्हणाला, "माझा टाय उलटा बांधलाय हे तुला रस्त्याच्या पलीकडून कळतं. मी निघालोय हे कळलं का?" मला कळलं होतं. बॅग डाव्या हातात होती, नेहमी उजव्या हातात असायची. मी तसं म्हणाले नाही. म्हणाले असते तर तो थांबला असता असं नाही.

आमचं मूळ घर रॉचडेलला, गिरणीमागच्या विटांच्या रांगेत. आई सूतगिरणीत विणकाम खात्यात होती. मागांच्या खडखडाटानं तिशीतच तिचे कान गेले. त्या खात्यातल्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलत, आणि घरी आल्या तरी तशाच बोलत. आईनं काय म्हटलं हे कळायला तिच्या तोंडाकडे बघावं लागे. मान वळवली की वाक्य गेलं. बघण्याची सवय मला तिथली. लोकांना वाटतं मी ती स्टुडिओत शिकले. आईला वाटे मी सिनेमात नट्यांच्या वेण्या घालते. तिला नीट सांगायचं मी ठरवलं होतं, पण बहिऱ्या माणसाला कंटिन्युइटी म्हणजे काय हे सांगणं पोस्टकार्डावर जमत नाही, आणि मी वर्षातून एकदा नाताळात जात असे. तेव्हाही दोन दिवस. आमच्या गल्लीत कोणी गेलं की रस्त्याकडच्या खोलीचा पडदा ओढायचा. ज्या घरात माणूस गेलं त्यांनी तर ओढायचाच, पण शेजाऱ्यांनीही. तासाभरात अख्खी रांग डोळे मिटल्यासारखी दिसायची. अंत्ययात्रा वळणाआड जाईपर्यंत पडदे तसेच राहायचे. कोणी उशीर केला, कोणी अर्धवट ओढला, कोणाच्या पडद्याला इस्त्री नव्हती, याची आईकडे वर्षानुवर्षांची माहिती होती. "आठ नंबरवाल्यांनी माझ्या नवऱ्याच्या वेळी चहा झाल्यावर ओढला," असं ती मला ओठांनी सांगायची. बाबा जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

निरोप आला तो गुरुवारी सकाळी. ऑफिसातली मुलगी कागदाची चिठ्ठी घेऊन सेटवर आली. चित्रण चालू असल्याचा तांबडा दिवा लागलेला होता म्हणून बाहेर थांबली, दिवा विझल्यावर आत आली आणि माझ्या हातात चिठ्ठी देऊन पळाली. पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'हिल्डा मावशीचा फोन. आई आज पहाटे गेली. मंगळवारी पुरणार. घाई करू नकोस.' मी चिठ्ठी वाचली, वेळ बघितली, दहा वाजून चाळीस मिनिटं. चिठ्ठी नोंदींच्या कागदांत खाली सरकवली. दिग्दर्शक फॅन्कोर्ट म्हणाला, "बेरिल राणी, कप कुठवर भरलेला?" मी म्हटलं, "सोनेरी रेघेच्या बोटभर खाली." तो म्हणाला, "तुझ्याशिवाय माझं काय झालं असतं." मी म्हटलं, "चहा वर चढला असता." सगळे हसले. मीही हसले असेन. पुढच्या शॉटसाठी कॅमेरा हलवायचा होता. दिवेवाले दिवे फिरवत होते, नटीबाई खुर्चीत डोळे मिटून पुटपुटत बसल्या होत्या, आणि बाकीचे चहाच्या गाडीकडे गेले होते. मी उठले, सेटवर चढले, विधवेच्या दिवाणखान्यातून चालत खिडकीशी गेले आणि पडदा ओढला. मग परत येऊन स्टुलावर बसले आणि नवीन कागदावर लिहिलं: 'शॉट १४४. कप उजव्या हातात. रुमाल मांडीवर. पडदा बंद.'

आता हे अशक्य आहे असं कोणी म्हणेल. सेटवर साठ माणसं असताना पडदा बंद होतो आणि कोणी बोलत नाही? पण ज्यानं इंग्लंडात साठ माणसांबरोबर काम केलंय त्याला नवल वाटणार नाही. कॅमेऱ्याचा मुख्य माणूस परत आला. त्यानं बंद पडदा बघितला आणि त्याला वाटलं दिग्दर्शकाला हवा असेल. त्यानं त्याप्रमाणे दिवे लावले. दिग्दर्शकाला वाटलं कॅमेऱ्यावाल्याला हवा असेल. नटीबाईंना वाटलं आपल्याला सांगायचं राहिलं, आणि आपल्याला कळलं नाही हे त्यांना दाखवायचं नव्हतं. दुसऱ्याच्या खात्यात बोलणं म्हणजे वाईट वळण. बोलायचा हक्क आणि पगार फक्त एका माणसाला होता, आणि तिनं तर 'पडदा बंद' असं स्वच्छ लिहूनच ठेवलं होतं. जेवणानंतर पडद्यांच्या खात्यातलं कोणीतरी येऊन पडदा होता तसा करून गेलं. मी लिहिलं: 'पडदा उघडा.' तिन्ही नोंदी खऱ्या आहेत. वाईट एवढंच, की मी त्या एकाखाली एक ठेवून वाचल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आदल्या दिवसाचं चित्रण बघितलं तेव्हा आरडाओरडा झाला. सेट मोडून झाला होता, पुन्हा काढणं शक्य नव्हतं. पण खरी पंचाईत त्याहून मोठी होती. युनियनच्या नियमानं पडद्याला हात लावायचा तो पडद्यांच्या खात्यानंच. बशी एका खात्याची, बशीखालचा रुमाल दुसऱ्या खात्याचा. मी स्टुलावरून उठून राखदाणी इंचभर सरकवली असती तर काम थांबलं असतं. युनियनचा पुढारी ग्रिबल पाइप विझवून उभा राहिला आणि म्हणाला, "पडद्याला हात कोणी लावला ते कळेस्तोवर कोणी काही उचलणार नाही." फॅन्कोर्टनं माझे कागद फडकावले. "बघा, बेरिलनं लिहिलंय. होतं ते लिहिलंय. तिचा काय दोष?" सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायला मी तोंड उघडलं असं मला आठवतं. पण आठवणीतसुद्धा आवाज नाही, नुसते ओठ. तेवढ्यात मागून क्लेम टर्विल म्हणाला, "मी ओढला. मला वाटलं तसा हवाय." ग्रिबलनं पाइप पेटवला. पडद्याच्या माणसानं पडद्याला हात लावला होता, नियम मोडला नव्हता, नुसती चूक झाली होती. काम सुरू झालं. पुढच्या सिनेमाला क्लेमला बोलावलं नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. किंग्स्टनच्या एका मोठ्या दुकानात तो पडद्याचं कापड मोजून देतो असं मी कोणाकडून तरी ऐकलं. मी तिथे पडदे घ्यायला कधी गेले नाही.

मंगळवारी मी उत्तरेला गेले. गल्लीतले पडदे ओढलेले होते, आठ नंबरवाल्यांचासुद्धा, आणि वेळेवर. पाद्रीबुवांनी चष्मा आधी खिशातून काढला, मग डोळ्यांवर होता, मग पुन्हा खिशात. हिल्डा मावशी म्हणाली, "कोरडी ठणठणीत आहेस गं. लंडनला जाऊन रडायचंही विसरलीस होय?" मी म्हटलं, "येईल रडू." मावशी म्हणाली, "कधी, पुढल्या नाताळात?" पंचवीस नाताळ झाले. मी वाट बघितली नाही असं नाही. आईसाठी मी एकच गोष्ट केली, ती कॅमेऱ्यात सापडली, आणि ती दुसऱ्याच्या नावावर नोंदली गेली. शनिवारी मी त्या हॉलमध्ये गेले ती ती नोंद बदलून घ्यायला. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात. क्लेमचं काय होईल हे मनात आलं तर मी त्याला बाजूला ठेवत होते, जसं स्टुलावर बसून आपण सेटवरच्या रडण्याला बाजूला ठेवतो आणि रुमाल कोणत्या हातात आहे ते बघतो.

हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, लोखंडी किटली, काकडीची सँडविचेस, आणि हेलबर्न हाउसच्या आकाराचा एक केक, ज्याचं छपराचं टोक आधीच कोणीतरी खाल्लं होतं. चाळीस माणसं. कोणी टपालखात्यातलं, कोणी शाळामास्तर, एक बाई विधवेच्या पोशाखात. सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्या सिनेमातली पाचवी गोष्ट आहे. सिनेमा दाखवला. खिडकीच्या पडद्याचा शॉट आला तेव्हा काही जण दबक्या आवाजात 'आता' म्हणाले. मी कप बघत होते. सोनेरी रेघेच्या बोटभर खाली, बरोबर.

चहाच्या वेळी क्लेम टर्विल चालताना धरायची आपली चाकाची चौकट ढकलत माझ्याकडे आला. एक्याऐंशीचा, आक्रसून बारीक झालेला, पण कोटाची घडी पडद्याच्या माणसाची.

"बस गं पोरी. उभी राहिलीस तर मला मान वर करावी लागते."

"मिस्टर टर्विल, मी ओळखू येते का?"

"न यायला काय झालं? केस पांढरे केलेस, बाकी तशीच. तेव्हाही अशीच बसायचीस, कोणी काहीतरी चोरणार असल्यासारखी."

मी बशी खाली ठेवली. "तुम्हाला सांगायचं होतं. तो पडदा—"

"तू ओढलास. मला काय सांगतेस? मी वर शिडीवर होतो, झालरीला टाके घालत."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कोणाला, ग्रिबलला?" त्यानं सँडविचचा कोपरा चावला. "हे बघ. मीही उत्तरेकडचा, साल्फोर्डचा. दिवसाढवळ्या एक बाई गुपचूप उठते आणि घराचा पडदा ओढते, म्हणजे काय झालंय ते मला कळत नाही होय? आई की बाप एवढंच कळलं नाही."

"आई."

"हं. वाटलंच. बाप असता तर तू चहा पिऊन ओढला असतास."

हा विनोद आमच्याकडच्या माणसालाच कळला असता. मी हसले नाही, पण हसायची जागा कुठे होती ते मला सापडलं.

"तुमचं काम गेलं त्यात."

"गेलं. दुकानात नऊ वर्षं कापड फाडलं. वाईट नव्हतं. तिथे दुपारी घरी जाता यायचं जेवायला."

"आणि घरानं सांगितलं म्हणता ते?"

क्लेमनं इकडेतिकडे बघितलं. "बायको गेल्यावर तीन वर्षं माझ्या दारावर गॅसवाल्याशिवाय कोणी आलं नाही. मग हा डोळ्यांचा डॉक्टर आला, केक घेऊन. म्हणाला, पडदा का ओढलात? आता मी म्हटलं असतं की एका पोरीची आई गेली होती, तर 'अरेरे' म्हणून गेला असता, एका केकवर मिटलं असतं. घरानं सांगितलं म्हटलं, तर अकरा वर्षं बोलावतात. नातवालासुद्धा मी इतका आवडत नाही."

"मी आज खरं सांगणार होते."

"मग सांग की."

"मग तुमचं काय?"

"मला अकरा केक मिळाले. त्यातले दोन बरे होते." तो चौकट धरून उठायला लागला. "पण जोरात बोल. ही मंडळी भुतांचं ऐकतात, माणसांचं ऐकायला त्यांना जड जातं."

मी सांगितलं. मिस्टर पेनफोल्डनी माझी ओळख करून दिली आणि विचारलं, "तर मिस हॅस्लम, मिस्टर टर्विल यांना घरानं सांगितलं तेव्हा तुम्हाला सेटवर काही जाणवलं का? गारवा वगैरे?" मी म्हटलं, "पडदा मी ओढला. त्या दिवशी सकाळी माझी आई गेली होती. आमच्याकडे माणूस गेलं की पडदा ओढतात. आपण सेटवर आहोत हे माझ्या लक्षात राहिलं नाही." पंचवीस वर्षं जे सांगायचं होतं ते सांगायला बारा सेकंद लागले. मग विधवेच्या पोशाखातली बाई हसली, आणि मग आठदहा जण हसले. मी अशा तोंडानं बोलते की लोकांना विनोद वाटतो. मला ते माहीत आहे, त्यावर माझी गावात थोडी ख्यातीही आहे.

"फार सुंदर," मिस्टर पेनफोल्ड म्हणाले, "पण मग घराचं काय?"

"घर प्लायवुडचं होतं."

"हे बघा," शाळामास्तर उठून म्हणाले, "दुःखाबद्दल आदर राखून म्हणतो. पण या स्पष्टीकरणानं तिसऱ्या गोष्टीत काहीच उरत नाही. घराला कळलेलं नसेल तर पुढे विधवा उतरताना जिना कोसळतो तो का?"

"लाकूड कच्चं होतं म्हणून," मागून क्लेम म्हणाला.

इंग्लंडात चार माणसं एका खोलीत बसली की तिथे संस्थेची घटना तयार होते, आणि घटना असली की मतदान. मिस हॅस्लम यांचा खुलासा मंडळीनं ग्राह्य धरावा असा ठराव कोणीतरी मांडला, कोणीतरी अनुमोदन दिलं. बाजूनं हात वर करा म्हटल्यावर मी हात वर केला. चिटणीस मिसेस रडॉक पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "तुम्ही सभासद नाही ना हो." मी हात खाली घेतला. सहा हात होते. सातवा वर आला तो क्लेमचा. चौकट सोडल्यामुळे तो हलत होता आणि शेजारच्या माणसानं त्याला कोपरापाशी धरलं होतं. मिस्टर पेनफोल्ड म्हणाले, "मिस्टर टर्विल, तुम्ही तर वास्तूवाले." क्लेम म्हणाला, "मी पडदेवाला आहे. मोज." विरुद्ध एकतीस. दोन तटस्थ. ठराव फेटाळला. क्लेमकडे आता कोणी बघत नव्हतं. केक कापायला त्याच्याऐवजी विधवेच्या पोशाखातल्या बाईला बोलावलं. तो त्याच्या खुर्चीत बसून राहिला. त्यानं माझ्याकडे बघून आवाज न करता ओठ हलवले: झालं. मला ते वाचता आलं. साल्फोर्डलाही गिरण्या होत्या.

मी कोट घालत होते तेव्हा मिसेस रडॉक वही घेऊन आल्या. जाड चष्म्याची, कसलीच घाई नसलेली बाई. त्यांनी मत कुठे दिलं ते मी बघितलं नव्हतं. "ठराव गेला, पण बोललेलं नोंदवावं लागतं," त्या म्हणाल्या. "वाचते. 'मिस हॅस्लम यांनी सांगितलं, की आईच्या निधनामुळे त्यांनी पडदा बंद केला.' बरोबर आहे?"

"नाही," मी म्हटलं. कोणी चुकीचं लिहिलं की मला राहवत नाही. "एकदम बंद नाही केला. दोन पदर होते. आधी डावा ओढला."

"आधी डावा," त्यांनी लिहिलं. "मग उजवा."

"मग लगेच नाही."

"मग?"

मग मी थांबले होते. हे मला तिथे, एक हात कोटाच्या बाहीत असताना आठवलं. आमच्याकडे एक पदर ओढून थांबायचं असतं, समोरच्यांनी बघेपर्यंत. समोरच्या घरातली बाई बघते, मान हलवते आणि आपला पदर धरते, मग दोघींनी मिळून उरलेला ओढायचा. मी उजवा पदर मुठीत धरून खिडकीशी उभी राहिले होते. काचेपलीकडे कापडावर रंगवलेली बाग होती, तिच्यामागे वाळूच्या पोत्यांवर टेकवलेला दिव्याचा खांब. पडद्याचं अस्तर खरखरीत होतं, त्याला नवीन कापडाचा खळीचा वास येत होता, आणि मी समोरून कोणीतरी बघण्याची वाट बघत होते.

"मी थांबले होते," मी म्हटलं. "समोरच्यांसाठी."

मिसेस रडॉकनी तेही लिहिलं. समोर कोण होतं ते विचारलं नाही. पेनाचं टोक कागदावर ठेवून त्यांनी विचारलं, "किती वेळ?"

कोणत्याही शॉटची लांबी मला सेकंदांत सांगता येते. घरात किटलीला उकळी यायला किती लागतात, गॉर्डनला जिना उतरायला किती लागले, पाद्रीबुवा आईबद्दल किती वेळ बोलले, सगळं मला ठाऊक आहे. मिसेस रडॉक वाट बघत होत्या. खुर्च्या मिटल्याचे आवाज येत होते. माझा एक हात अजून बाहीत होता, आणि दुसऱ्या हातानं मी कोटाची रिकामी बाही मुठीत धरली होती, पडद्याचा उरलेला पदर धरावा तशी. मी त्या मुठीकडे बघितलं.

"बसता का जरा?" मिसेस रडॉक म्हणाल्या.

"माहीत नाही," मी म्हटलं. "किती वेळ ते मला माहीत नाही."

त्यांनी एक खुर्ची पुन्हा उघडली.